थांबाताई आणि सत्तावन्न सोंगं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तिचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक. बाकी सगळ्यांची ती थांबाताई. कोणी कागद मागायला आला, की हात वर करून म्हणणार, "थांबा." मग चष्मा पुसणार, इमारतीचा नंबर बोट ठेवून वाचणार, कागद उलटून मागची बाजू बघणार, आणि मगच देणार. घाईतल्या माणसाचा जीव टांगणीला! पण एकवीस वर्षांत तिने चुकीचा कागद दिला, असं कोणी छातीठोक सांगून दाखवावं. फक्त एकदा ती थांबली नव्हती, आणि ते तिच्याशिवाय कोणाला आठवतही नव्हतं.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. कंपनीची स्वतःची लिफ्ट कायम बंद. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! तिचा थोरला भाऊ त्याच कंपनीत मेकॅनिक. धापा टाकत जिने चढून यायचा, बहिणीच्या थर्मासमधला चहा हक्काने ओतून घ्यायचा आणि लिफ्टच्या वायरिंगचा नकाशा घेऊन पळायचा.

एके दिवशी साहेबांनी फर्मान काढलं: यापुढे नकाशासाठी जिने चढायचे नाहीत, फोनवर एजंटला विचारायचं.

"एजंट? विमावाले?" ताईने विचारलं.

"नाही हो ताई," साहेबांबरोबर आलेला कॉम्प्युटरवाला हसला. "कॉम्प्युटरमधले मदतनीस. तुमच्या कॉम्प्युटरमधले नकाशांचे फोल्डर इंडेक्समध्ये टाकायचे. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तसंच. फक्त ही सूची मशीन स्वतः सगळं वाचून बनवतं. मग मेकॅनिक विचारेल ते त्यातून शोधून सांगतं."

"आणि वाचलेलं खरं की खोटं?"

"ते मशीनला काय कळणार? तुम्ही दिलंय म्हणजे खरंच."

हे वाक्य ताईच्या काळजात रुतलं. तो मात्र आपल्याच नादात. "वरच्या चौकोनात एक टिक केली की चारशे बारा फोल्डर आत. चहा येईपर्यंत काम फत्ते."

"थांबा," ताई म्हणाली.

कारण तिला माहीत होतं. अठरा वर्षांपूर्वी एका नव्या इमारतीचं काम आलं, वायरिंगचा नकाशा आलाच नाही, आणि वरून घाई. तिने शेजारच्या इमारतीचा फोल्डर कॉपी केला, वर नवा नंबर घातला. म्हटलं, तात्पुरतं. तो नकाशा कधी आलाच नाही. इतरांनी बघितलं, काम भागतंय. मग तीच रीत पडली. नकाशा नसला की शेजारचा फोल्डर कॉपी कर, नाव बदल, पुढे चल. जुन्या मेकॅनिकांना हे पाठ होतं. असल्या फोल्डरांना ते सोंगं म्हणायचे. "ते सोंग आहे ग, त्यात काय बघतेस?" म्हणत दादा हसायचा. पण मशीनला कोण सांगणार? एका इमारतीत लाल वायर ब्रेकची, तर शेजारी त्याच लाल वायरीत करंट. मशीन ठामपणे लाल म्हणणार आणि कोणाचा तरी हात पुढे जाणार.

सांगायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. साहेब तिला पुढच्या महिन्यात रेकॉर्डप्रमुख करणार होते. तिसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली, बसलीसुद्धा नाही.

"साहेब, कितीतरी फोल्डर खोटे आहेत. पहिला मी केला."

साहेबांचा चेहरा उतरला. "आणि हे आज सांगताय?"

"आजवर सांगणारी माणसं होती, त्यांना सोंग ओळखू यायचं. आता सांगणार मशीन. चूक माझी आहे, पण टिक करायच्या आधी प्रत्येक फोल्डर उघडू द्या."

साहेबांनी कॅलेंडरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दोन आठवडे घ्या. प्रमुखपदाचं नंतर बघू." नंतर म्हणजे काय, हे शहाण्याला सांगायला नको.

वाईट वाटलं तिला, का नाही वाटणार? पण बाई डगमगली नाही. चारशे बारा फोल्डर एकेक करून उघडले. दादाला शेजारी बसवून विचारलं, "हा खरा? हा?" खऱ्यावर टिक, खोटा बाजूला. सत्तावन्न सोंगं निघाली.

"काढून टाका," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"मग त्या इमारतीचं विचारलं तर मशीन शेजारचं उचलून देईल?"

त्याने डोकं खाजवलं. "देऊ शकतं."

म्हणून तिने सत्तावन्न फोल्डरांतले खोटे नकाशे काढून तिथे एकेक पान ठेवलं, त्या त्या इमारतीचा नंबर घालून. सत्तावन्न वेळा टाइप केलं.

"अहो, एकदा लिहा आणि कॉपी करा ना!"

"कॉपीनेच घात केलाय, बाबा."

त्या दिवसापासून कॉम्प्युटरवालाही टिक करताना क्षणभर थांबायचा, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

पुढच्या सोमवारी एजंट सुरू झाला. दुपारी अकरा नंबरच्या इमारतीतून दादाचा फोन आला. अकरा नंबर म्हणजे तिने केलेलं पहिलं सोंग. दादाचा आवाज नेहमीचा नव्हता.

"ऐक, मशीन काय म्हणतंय. 'थांबा. या इमारतीचा नकाशा आमच्याकडे नाही. शेजारचा वापरू नका. मेन स्विच बंद करा, स्वतः तपासा, मगच हात लावा.'"

"मग?"

"मग काय! साहेबांचा हुकूम म्हणून विचारलं, नाहीतर मी कशाला विचारतोय? सकाळपासून शेजारच्याच लिफ्टवर होतो, तंद्रीत हात लाल वायरीकडे निघालाच होता. टेस्टर लावला. करंट आहे ग तिच्यात."

ताईचे डोळे भरून आले, चष्मा काढावा लागला. पलीकडून दादा "अगं, आहेस ना?" म्हणत राहिला.

"आहे," ती म्हणाली. "मेन स्विच बंद कर. आणि आता तिथे आहेसच, तर नकाशा स्वतः काढूनच ये. मी त्या फोल्डरातलं माझं पान काढते."