कोऱ्या कापडाचं पाणी

त्या फडक्याचा स्पर्श अजून बोटांना आठवतो, आणि आठवला की हात धुवावेसे वाटतात.

वडगावातलं आमचं घर विणकराचं. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. आप्पांना, म्हणजे वडिलांना, आत्याची किडनी बसवली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: किडनी टिकावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकाराची ताकद कमी होते, साधी बुरशीसुद्धा छातीत घर करील. पाणी उकळून प्या, भरपूर प्या. पण उकळलेलं पाणी आप्पा दोन घोट घेऊन ठेवून देत. "आजाऱ्याचं पाणी हाय ते. घशाखाली उतरत न्हाय."

मग पाण्याचं काम मीच हातात घेतलं.

आधी हौद उपसला. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं साठवत आलेला हौद. आतल्या भिंतीवर काळा, बुळबुळीत थर. खरवडला की ओल्या गोणपाटाचा वास नाकात घुसायचा. हेच पाणी पिऊन मी पदवी घेतली होती. भिंती घासल्या, नव्या पाण्यात ब्लीचिंग पावडरची निवळ ओतली. जंतू क्लोरिननं लवकर मरतात; बुरशीचे बीजाणू चिवट, जाड सालीचे. त्यांना आधी क्लोरिननं खिळखिळं करायचं, मग अतिनील दिव्यासमोरून न्यायचं. खडेबाजारातून तसं यंत्र आणलं. गाळ अगोदर अडवायचा, कारण गढूळ पाण्यात दिवा आंधळा. क्लोरिनचा वास यंत्रातला कोळसा काढून टाकायचा. आप्पा चव बघून म्हणाले, "हां, हे पाणी हाय." तांब्यावर तांब्या पिऊ लागले.

काही आठवड्यांनी सहज ग्लास उजेडात धरला, तर आत काळे धागे तरंगत होते.

यंत्र उघडलं. दिवा चालू होता. मग नजर तोटीवर गेली. आमच्या गल्लीत प्रत्येक तोटीला फडकं असतंच, त्यामुळं ते डोळ्यांना दिसतच नाही. यंत्राच्या तोटीलाही आईनं बांधलं होतं. मागावरून उतरलेल्या साडीच्या टोकाचा तुकडा. कुणी न नेसलेला, पाणी न लागलेला. म्हणून आमच्याकडं सगळ्यांत सोवळा. पण कोऱ्या कापडात खळ असते, सुताला ताठपणा यावा म्हणून लावलेली पिठाची पेज. ती ओली झाली की बुरशीची पंगतच. फडकं सोडलं तर आतून काळी-हिरवी लव, बोटांना शेंबडासारखा चिकटा. दिव्याचा गुण दिव्यापाशीच संपतो, पुढं पाण्यात काही उरत नाही. क्लोरिन उरला असता, पण तो कोळशानं आधीच खाल्लेला. एवढं निर्जंतुक केलेलं पाणी या घाणीतून आप्पांच्या पोटात जात होतं.

"काय बघालईस गं नाक मुरडून?" आईनं विचारलं.

"हे कुणी बांधलं?"

"मीच. यंत्राच्या आत काय हाय, कुणी बघितलंय? म्हटलं, गाळलेलं बरं. आणि कोरं कापड हाय बाई, तुझ्या आप्पांनी विणलेलं. लई शिकलीस म्हणून त्याला घाण म्हणू नकोस."

मी फडकं तिच्या नाकाशी धरलं.

ती मागं सरकली. "म्हंजे... ह्यांना मी हेच पाजलं व्हय?"

खाटेवरून आप्पा म्हणाले, "आगं, गिऱ्हाईक न्हाय म्हणून रडत होतो. बुरशीला बी माझंच कापड आवडलं की!"

आईनं फडकं न्हाणीच्या चुलीत टाकलं आणि पूर्ण जळेपर्यंत तिथून हलली नाही. पुढच्या तपासणीपर्यंत आप्पा खोकले की ती हातातलं काम टाकून उठायची.

तपासणीत छाती स्वच्छ निघाली. आमची तोटी आता उघडी असते. गल्लीत कुणाकडं गेले की माझी नजर आधी तोटीकडं जाते. फडकं दिसलं की मी म्हणते, तहान नाही. "शिकली आणि माजली," असं बायका मागं बोलतात. आई त्यांच्यातच बसलेली असते. तीसुद्धा पाण्याला हात लावत नाही.