नेकनूरला आलेले शंख

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी किनाऱ्यावरच्या एका संस्थेत संशोधन करत होते. काम अर्धवट टाकून बीडजवळच्या नेकनूरला, घरी परतले. निघताना माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "शंख सोबत घेऊन जा. त्यांचं शास्त्रीय वर्णन तिकडंच पुरं कर."

खोल समुद्राच्या तळातून एका जहाजानं उपसलेल्या चिखलात सापडलेले ते गोगलगायींचे शंख. तांदळाच्या दाण्याएवढे, पातळ, पांढरे. आतला जीव केव्हाच संपलेला. छोट्या काचेच्या नळ्यांत घालून, तोंडाला कापसाचा बोळा लावून मी ते आणले.

बाबा सुतार. "असं उघड्यावर ठिवू नको माय, कुनाचा तर धक्का लागंल," म्हणत त्यांनी प्लायवूडची पेटी केली. प्रत्येक नळीला वेगळी खाच, झाकण घट्ट. इतक्या निगुतीनं त्यांनी गिऱ्हाइकाचंही काम कधी केलं नसेल.

बीडच्या एका कॉलेजात मी तासिकेवर शिकवू लागले. सुट्टीत तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली शंख बघायचे. त्यातल्या एका जातीवर उभ्या कंगोऱ्यांच्या मधून आडव्या बारीक रेघा होत्या. अशी गोगलगाय आजवर कुणी नोंदवलेली मला सापडली नाही. खात्री करायला एकच गोष्ट उरली होती. गोगलगाय अंड्यातून निघते तेव्हाचा तिचा इवलासा शंख पुढं मोठ्या शंखाच्या टोकावर तसाच राहतो. त्यावरची नक्षी पुण्याच्या प्रयोगशाळेत मोठ्या यंत्राखाली बघायची होती.

पण आईचं दुखणं वाढलं. पुण्याला जाणं लांबत गेलं. तो सगळा पावसाळा पेटी बंदच राहिली. त्याच पावसाळ्यात आई गेली.

नंतर पेटी उघडली तर आंबूस वास आला. नळ्यांत पांढरी भुकटी पडली होती. शंखांवरच्या रेघा पुसल्या होत्या. टोकाला चिमटा लावला तशी टोकंही झडली.

सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "ठेवले कशात होते?"

"प्लायवूडच्या पेटीत."

ते म्हणाले, "त्यातून आम्लाची वाफ निघते. कोंडली की चुनखडीचा शंख खाऊन टाकते."

मला हे ठाऊक नव्हतं. संस्थेत सगळं लोखंडी कपाटांत असायचं.

"पुन्हा मिळतील का सर?"

"जहाज आता तिकडं जायचं नाही."

बाबा दारात उभे होते. "मह्या पेटीनं झालं का?"

"नाही हो. दमट हवेनं झालं."

त्यांनी पेटी उचलून नाकाशी धरली. "ह्यो वास हवेचा न्हाई, माय." मग हळूच म्हणाले, "दुसरे आन. काचेची बरनी आनू."

"दुसरे नाहीत, बाबा."

ते पेटी घेऊन अंगणात गेले. एकेक खिळा उपटून त्यांनी ती सुटी केली. त्यांना थांबवावं असं वाटलं, पण काय म्हणून थांबवणार? त्या संध्याकाळी आम्ही दोघंही जेवलो नाही.

टोकाशिवाय वर्णन लिहून पाहिलं. सरांनी ते परत पाठवलं. एवढ्यावर जात नवी ठरत नाही, असं त्यांनी कळवलं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. उरलेले तुकडे मी संस्थेला कुरियरनं पाठवून दिले. पोचल्याचा निरोप आला. त्यानंतर त्या गोगलगायीबद्दल मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझ्यापाशी दाखवायला काहीच नव्हतं.