रिकाम्या खाटांची सिस्टर

माझी वहिनी संध्याकाळी कामावरून आली की आधी आमच्या बिछान्यांकडे बघते. चादरीवर सुरकुती दिसली तर हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी ती चादर ओढते, कोपरे दुमडते, उशीला दोन धपाटे घालते आणि मग चपला काढते. आई म्हणते, "अगं, आत्ता उठलेय मी तिथून." वहिनी म्हणते, "म्हणूनच." दादाला साधी शिंक आली तरी त्याच्या काखेत थर्मामीटर जातो. मी घरी शिकवण्या घेते, तर एकदा भर शिकवणीत, पोरांसमोर, तिने मला जीभ बाहेर काढायला लावली. पोरं आठवडाभर हसत होती.

ती मुळात अशी नव्हती. जुन्या सरकारी दवाखान्यात होती तेव्हा घरी येऊन कुणाकडे बघायचंही त्राण तिच्यात उरत नसे. तिथे एका खाटेवर दोघं आणि खाटेखाली तिसरा असा हिशेब असायचा. ओरडून ओरडून तिचा घसा बसायचा. घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची आणि म्हणायची, "वन्सं, आज कुणीही मला सिस्टर म्हणू नका." पण तेव्हा तिच्या चिडण्याला पेशंट होते. आता पेशंट नाहीत, म्हणून आम्ही आहोत.

झालं असं की शहर वाढायला लागलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की पूर्वी टेकडी दिसायची, आता क्रेन दिसतात. वाढत्या शहराला मोठं हॉस्पिटल पाहिजे आणि पालिकेची तिजोरी रिकामी, म्हणून भागीदारी झाली. जागा पालिकेची, पैसा कंपनीचा. जुना बैठा दवाखाना पाडला आणि काचेची सात मजली इमारत उभी राहिली. करारात ठरलं की सगळ्यात वरचा वॉर्ड गरिबांसाठी मोफत राहील. वहिनी पालिकेची जुनी नोकर, तिला काढता येत नव्हतं, म्हणून तिला त्या वॉर्डची प्रमुख केलं. नवा गणवेश, मोठाल्या खिडक्या, वीस कोऱ्या खाटा. ती इतकी खूश होती की पहिल्या दिवशी आम्हाला सगळ्यांना खाली रस्त्यावर उभं करून तिने सातव्या मजल्यावरून हात हलवला. आम्हाला काही दिसलं नाही, पण आम्हीही हलवला.

थोड्याच दिवसांत वॉर्ड भरला. मग पालिकेचा तपासनीस आला. तो म्हणाला, आत्ता या घडीला एखादा गरीब दारात आला तर त्याला द्यायची खाट दाखवा. आता सगळ्या खाटांवर माणसं असताना खाट दाखवणार कुठून? त्याने करार मोडल्याचा ठपका ठेवला आणि कंपनीला दंड ठोठावला. कंपनीचा मॅनेजर हुशार माणूस. त्याने ठरवून टाकलं की यापुढे तपासनीस कधीही टपकू दे, त्याला खाटा दिसल्याच पाहिजेत. एकेक पेशंट बरा होऊन गेला, त्याच्या जागी दुसरा घेतला नाही. शेवटचा म्हातारा काठी टेकत लिफ्टमध्ये शिरला, त्या दिवसापासून सातव्या मजल्यावर गरिबांसाठी वीस खाटा कायम तयार असतात आणि तळमजल्याच्या खिडकीवर गरिबांना सांगतात, खाट नाही. तपासनीस त्यानंतरही येऊन गेला. फार समाधानी होऊन गेला म्हणे.

मला हे वहिनीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले होते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हसू आवरतं घेतलं. कुणी न झोपलेल्या चादरी ती दर दोन दिवसांनी बदलते, कारण धूळ बसते. वापरलेल्या नसतात तरी धुवायला जातात. मॅनेजरशी ती भांडली, वरच्या साहेबांना भेटली, पालिकेत जाऊन आली. पालिका म्हणाली, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, पालिकेचाच नियम आहे. "दोघांचं लग्न लागलंय," ती म्हणाली, "आणि पोर कुणाचं ते दोघांनाही सांगता येत नाही."

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण आमच्या खाली शिंपीण राहते.

शिंपीण एकटी आहे. नवऱ्यामागे तिने मशीनवर घर चालवलं. अर्ध्या गल्लीचे कपडे तिने उसवून मोठे केलेत आणि अर्धीचे आत घेतलेत. या वर्षी तिचे पाय सुजायला लागले, इतके की मशीनचा पायटा दाबवेना. मग धाप, मग खोकला. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हृदय थकलंय, छातीत पाणी साठतंय, हॉस्पिटलात ठेवून शिरेतून औषध दिल्याशिवाय ते निघणार नाही, आणि फार दिवस थांबू नका. पैसे भरून राहायची तिची ऐपत नव्हती. ती खिडकीवर गेली. खाट नाही. परत गेली. खाट नाही. तिसऱ्यांदा खिडकीवरचा माणूस तिला ओळखायला लागला होता, म्हणून त्याने तोंडाने सांगायच्या ऐवजी नुसता हात हलवला.

वहिनी रोज खाली जाऊन तिचे पाय बघून यायची आणि वर आल्यावर भांडी आपटायची. "वीस खाटा, वन्सं! आणि ही बाई भिंतीला टेकून झोपते. मी सिस्टर आहे की चौकीदार?" तिने मॅनेजरकडे एकच खाट मागितली. तो म्हणाला, एक दिली की मागोमाग दहा येतात, आणि तुमचीच ओळखीची म्हटल्यावर उद्या बोभाटा होईल. तो वाईट माणूस नाही, असं वहिनीच सांगते. त्याची आई आजारी होती तेव्हा तो जिन्यात बसून रडला होता. पण माणूस वाईट नाही म्हणून आपण कपाळावर हात मारून घ्यायचं काही थांबत नाही.

तर त्या हॉस्पिटलात सारखे पाहुणे येतात. कुठल्या ना कुठल्या वाढत्या शहरातले अधिकारी, पैसे लावायला निघालेले शेठ, अशी भागीदारी आपल्याकडे जमेल का हे बघायला. त्यांना सातवा मजला हमखास दाखवतात. मागच्या खेपेला एकाने मोफत वॉर्ड बघून विचारलं, "इथे कुणी येतच नाही वाटतं? मग इतक्या खाटा कशाला?" पालिकेचे लोक शेजारीच उभे होते. गावाबाहेर दुसऱ्या हॉस्पिटलची जागा कंपनीला त्यांच्याकडूनच मिळायची होती. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या वेळी वॉर्ड अगदी रिकामाही दिसता कामा नये आणि अगदी भरलेलाही. म्हणून त्याने फर्मान काढलं की स्टाफने घरून दोन-तीन माणसं आणायची, तासभर खाटांवर झोपवायची, चहा-बिस्किटं मिळतील.

वहिनी म्हणाली, "सर, खाली रांग लागलीय. त्यांनाच आणते ना."

"खरे पेशंट एकदा आले की जात नाहीत, सिस्टर," मॅनेजर म्हणाला.

हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा रागाने तिचे कान लाल झाले होते. आईला मात्र मेजवानीचं बोलावणं आल्यासारखं झालं. "मला कुठला आजार देणार?"

"तुमचा गुडघा आहे की, आई."

"गुडघा काय, तो रोजचाच. जरा हृदयाचं काहीतरी दे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघताना वहिनीने मला बजावलं, "तुम्ही, आई आणि खालची शिंपीण. वेळेवर या." दुसरं काही सांगितलं नाही. आईच्या कानावर गेलेली गोष्ट गल्लीभर व्हायला वेळ लागत नाही, हे तिला लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे.

शिंपीण ठेवणीतले कपडे घालून तयार होती. दारापासून रिक्षापर्यंत येताना दोनदा थांबली. मी म्हटलं, तुला झेपणार नसेल तर राहू दे. ती म्हणाली, "ताई रोज माझ्यासाठी खाली येतात. त्यांच्या एवढ्याशा कामाला मी नाही कशी म्हणू?" रिक्षात आईने आम्हाला नाटकाची तालीम दिली. आजारी दिसायचं, पण फार नाही. कुरकुर करायची नाही. विचारलं तर हसून सांगायचं, इथे फार छान बघतात. पाहुणे गेले की उठायचं. शिंपीण मान डोलवत होती.

वॉर्ड मी पहिल्यांदाच आतून पाहिला. इतका स्वच्छ की पाऊल टाकायला संकोच वाटावा. वॉर्डबॉयचे सासरे, सफाईवालीची जाऊ, लॅबवाल्याची मावशी, असे सगळे गप्पा मारत खाटांवर पसरले होते. वहिनीने माझ्या डोक्याला पट्टी गुंडाळली आणि आईला उशीला टेकवून बसवलं. शिंपिणीला मात्र तिने खिडकीजवळ नेलं, पाठ उंच करून झोपवलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आणि हाताला औषधाच्या बाटलीची सुई टोचायला घेतली. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईही येऊन तिची छाती तपासून गेल्या.

"ताई, हे खरंच टोचतात का?" शिंपिणीने विचारलं.

"गप्प पड," वहिनी म्हणाली.

मला वाटलं, वहिनी नाटक फारच मनावर घेतेय. मग तिने सुईतून औषध सोडलं तेव्हा तिचा चेहरा पाहिला आणि मला हळूहळू उमगायला लागलं. मी आईकडे पाहिलं. तिला काहीच उमगलं नव्हतं. ती आपला आजार पाठ करत होती.

पाहुणे आले. मॅनेजर बोलत होता, वाढतं शहर, वाढती मागणी, गुंतवणुकीला केवढा वाव. आईला कुणीतरी "कसं वाटतंय?" विचारण्याची चूक केली. तिने हृदयापासून सुरुवात केली, ती गुडघ्यावर आली आणि तिथून सुनेवर यायच्या बेतात होती, तेवढ्यात मॅनेजरने सगळ्यांना पुढे नेलं. एक वयस्क शेठ शिंपिणीपाशी थांबले. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी.

"बरं वाटतंय का?"

"एकदम ठीक आहे साहेब. मला काही झालेलं नाही."

शेठनी चादर जरा बाजूला केली आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. "धंद्यात पडायच्या आधी मी डॉक्टर होतो," ते मॅनेजरला म्हणाले. "वेळेवर घेतलंत हिला. पुढच्या आठवड्यात परत येतोय, तेव्हा बघतो कशी आहे." मॅनेजरने हसून मान हलवली. त्याला वाटलं, कौतुक झालं.

पाहुण्यांना लिफ्टमध्ये सोडून तो दारात परत आला आणि टाळ्या वाजवून म्हणाला, "सगळ्यांचे आभार! खाली चहा तयार आहे."

सासरे उठले, मावशी उठली, आई चपला शोधायला लागली. मी पट्टी सोडत वळले, तर शिंपीण खाटेवरून उतरली होती. नाकातली नळी काढून उशीवर नीट ठेवलेली. एका हाताने औषधाच्या बाटलीचा स्टँड धरून, दुसऱ्या हाताने ती चादरीची घडी घालत होती. तिचे खांदे धापेने वरखाली होत होते.

"ताई, जमलं ना सगळं नीट?"

वहिनी एवढ्या जोरात ओरडली की जुन्या दवाखान्याची आठवण यावी. "कुणी सांगितलं तुला उठायला?"

"साहेब म्हणाले ना. काकू पण उठल्या."

"काकूंना काही धाड भरलेली नाही! तू आजारी आहेस! आडवी हो!"

मॅनेजर धावत आला. "काय झालं सिस्टर? या कोण?"

"ही खरी आहे."

"खरी म्हणजे?"

"खरी म्हणजे आजारी."

त्याला समजायला वेळ लागला. "म्हणजे तुम्ही मला न विचारता वॉर्डात खरा पेशंट आणलात?" वहिनीने वॉर्डात म्हैस आणून बांधली असावी, असा त्याचा सूर होता.

"डॉक्टरांनी तपासलंय. औषध चालू आहे. आणि तुमचे शेठ हिचा पाय दाबून गेलेत, पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहेत. काय सांगाल त्यांना, चहा पिऊन घरी गेली?"

मॅनेजरने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत खिशात घातला. एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा शिंपिणीच्या पायांकडे. "बरं, राहू दे," तो म्हणाला. "एवढी एकच."

शिंपीण अजून घडी घातलेली चादर छातीशी धरून उभी होती. "म्हणजे मी खरंच ॲडमिट आहे?"

"मग काय!"

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

ती खाटेच्या कडेवर टेकली. आईकडे तिने जरा रागानेच पाहिलं. मग वहिनीला म्हणाली, "अहो ताई, आधी सांगायचं ना. सकाळपासून खोकला दाबून धरलाय मी."

आणि मग ती खोकली. वाकून, स्टँड घट्ट धरून, थांबताच येईना अशी. वहिनीने तिच्या हातातली चादर ओढून बाजूला फेकली आणि तिची पाठ चोळायला लागली. "खोक," ती म्हणत होती, "खोक हवं तेवढं."