वाचताना उठायचं नसतं

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आम्ही आठ दिवस गोंडपिपरीच्या दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवर जंगलातल्या एका गावचा माणूस होता आणि त्याच्याजवळ त्याची बायको. तिचं नाव मी विचारलं नाही. ती बसली तरी उकिडवीच बसायची, लगेच उठता यावं म्हणून.

सकाळी बायबलचे तीन अध्याय वाचायचे, मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, हा माझा बारा वर्षांचा नियम. दवाखान्यातही तो मोडला नाही याचा मला अभिमान होता. दुसऱ्याच दिवशी मी वाचत असताना आईने पॉट मागितला. मान वर न करता मी बोट दाखवलं, थांब म्हणून. तेवढ्यात त्या बाईने पॉट लावला, नेऊन धुतला, आईचं अंग पुसलं. पुढे रोज तसंच झालं. माझं बोट वर गेलं की ती उठायची.

सुट्टी झाली त्या दिवशी मी तिचे आभार मानले.

"त्याच्यात काय भाऊ," ती म्हणाली. "आमच्या गावात बी पूजेले बसलेला माणूस मधात उठत नाई. तुमच्या देवाचं बी तसंच असन. नाई तं लेक असून तुमी मायले थांबवलं नसतं."

"हो, तसंच आहे," मी म्हणालो.

आईने ते ऐकलं. बायबल मला तिनेच वाचायला शिकवलं होतं, दर दोन ओळींनी कुणाच्या तरी हाकेला उठून जात.