गोगलगाईची शिट्टी

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी गार वारा. दूध उशिरा आले. दुपारी माझ्या नातीने माझ्या मुलाला, म्हणजे स्वतःच्या बापाला, भर मैदानातून बाहेर काढले. 

नातीला घरात आम्ही गोगलगाय म्हणतो. डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ विचारले, तरी उत्तर तिची आई देते. हिशेबाच्या पेपरात दोनदा गटांगळी खाल्ली, तेव्हापासून ‘मला नाही जमणार’ हेच पालुपद. विरंगुळा एकच, रविवारी फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून धावायचे. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत शिट्टी वाजवणाऱ्या मुलीला नन ओणवे उभे करत!

काल मुलाने फर्मान काढले, “उद्याचा शेवटचा रविवार. मग शिट्टी माझ्याकडे. अभ्यासाला लाग.”

“बरं, बाबा,” एवढेच ती पुटपुटली.

आजचा सामना त्याच्या बँकेचा आणि छापखान्याचा. ठरलेला पंच तापाने झोपला, म्हणून सगळ्यांनी हिलाच उभे केले. मुलाने मला डोळा मारला. “आई, आज पंच घरचाच!”

बरोबरी चालू असताना तो गोलसमोर धाडकन आडवा झाला. त्याला कुणाचे बोटही लागले नव्हते. मी कडेलाच बसले होते. शिट्टी वाजली. पेनल्टी मिळाली म्हणून तो हसत उठला, तर समोर पिवळे कार्ड.

“अगं, पाडलं मला!”

“तुम्ही मुद्दाम पडलात.”

“तू घरी चल, मग दाखवतो!”

दुसरे पिवळे. लगेच लाल. आवाज जरासुद्धा चढला नाही. “बाहेर व्हा, बाबा. खेळ खोळंबलाय.”

“साहेब, रात्री जेवायला मिळेल ना?” छापखान्याचा गोलकीपर ओरडला. मी आ वासून बघतच राहिले.

मुलगा माझ्या शेजारी येऊन मटकन बसला. “आई, ही आपली गोगलगाय?”

“खरंच पाडलं का रे तुला?”

“नाही गं. पण तिला दिसलं कसं?”

रात्री जेवताना तिने ठरल्याप्रमाणे शिट्टी त्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो वर न बघताच म्हणाला, “आणि हिशेबाचा पेपर?”

“बघते मी,” ती म्हणाली. मी घास हातातच धरून बसले. पालुपद आलेच नाही.

त्याने शिट्टी तिच्याकडे सरकवली. “असू दे. रविवारी लागेल.”

मुलाची पांढरी चड्डी दोनदा साबणाने घासली. गवताचा डाग निघाला नाही.