अंजूचा टांझानिया

अंजू आडे एकदा हटून बसली, की तिला हलवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. तिच्या स्वतःच्या बापाला, फुलसिंगला, तर कधीच जमलं नव्हतं. बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरची ही पोरगी पुण्यात आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एम.ए. करत होती. शेवटच्या वर्षी जगातला एक प्रदेश निवडून, शिष्यवृत्तीवर तिथं राहून प्रबंध लिहायचा. अंजूनं टांझानिया निवडला, तिथल्या कापूस पिकवणाऱ्या बायांसाठी.

तिच्या मार्गदर्शक सरांना ते पटेना. स्वतःचा तांडा सोडून एवढ्या लांब कशाला? भाषा येते, माणसं ओळखीची, काम सोपं होईल. म्हणजे बघा! वर्गातल्या पुणेकर पोरीनं ब्राझील घेतलं, तर तिला कोणी सदाशिव पेठेवर लिही म्हणालं नाही. अंजूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाळीला घरी आली तीच मोबाईलवर स्वाहिली शिकत. तांड्याची हसून हसून पुरेवाट झाली.

फुलसिंग वैतागला. "सर सांगून राह्यले तं ऐक ना. काहून अडून बसली?"

विषयाचा निकाल सुट्टीतच, सर आणि समितीसमोरच्या ऑनलाइन मुलाखतीत लागायचा होता. नामंजूर झाला, तर तांडाच गळ्यात पडणार होता. घरी रेंज नाही, म्हणून अंजू बोरी अरबला देवसिंगकाकाच्या मोबाईलच्या दुकानात लॅपटॉप मांडून बसली. तिची आई सुखीबाई बाजाराला आली होती, ती शेजारच्या स्टुलावर टेकली.

सरांनी नमुना म्हणून एका जुन्या अहवालाचं पान स्क्रीनवर दाखवलं. असं काम तुला सहज जमेल, म्हणाले. पानावर आरशांची फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी घातलेल्या एका बाईचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, तांड्यावरील स्त्रीचा रोजचा वेश.

सुखीबाई पुढं वाकली. "हे तं मीच आहो."

अंजूनं लॅपटॉपचा कॅमेरा आईकडं वळवला. नायलॉनची साडी, मांडीवर भाजीची पिशवी. तो पोशाख शेजारणीचा होता, अहवालवाल्या साहेबांना फोटोत तसंच पाहिजे होतं म्हणून मागून आणलेला, असं अंजूनं सांगून टाकलं.

सर ओशाळले. मग म्हणाले, ही चूक तूच सुधार की.

"सर, आमच्याकडं प्रश्न घेऊन सगळे येऊन गेले. आमच्यातलं कोणी प्रश्न घेऊन कुठं गेलं नाही. मी जाणार."

समितीतल्या मॅडमनी विचारलं, तिथल्या बाईनंही तुझ्यासाठी उसना पोशाख घातला तर?

अंजूची पुणेरी मराठी कुठल्या कुठं पळाली.

"घालू द्या ना, मॅडम. थो पोशाख काढून ते बाई वावरात जाईन, तवा मीबी संग जाईन. मले कापूस वेचता येते."

मॅडम हसल्या आणि विषय मंजूर झाला. देवसिंगकाकानं चहा सांगितला. सुखीबाईचा चहा मात्र तसाच निवला. लेक खरंच जाणार, हे तिला आत्ता कळलं होतं.