केरूचे पत्र्याचे कोंबडे

केरूबद्दल लिहायचं तर आधी माझी फजिती लिहावी लागते, आणि ते मला आवडत नाही. हातखंब्याच्या आतल्या बाजूला आमचा गाव. शिमग्याची पालखी देवळात परतली की दुसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या झुंजी. पायाला पातं बांधून सोडायचे, एक मरेपर्यंत. मी सातवी नापास, पण कायद्याची पुस्तकं मागून आणून वाचलेली. चौऱ्याऐंशी साली अर्ज केला, पोलीस आणले, झुंज बंद पाडली. आठवडाभर छाती काढून फिरलो. मग केरूने सांगितलं, झुंजी रविवारी डोंगरामागे झाल्या. मी सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

केरू गिरणीत वीस वर्षं फिटर होता. संप झाला, गिरणी गेली, तो गावी आला आणि हायवेवरच्या एका गॅरेजात लागला. पण गावात त्याची ओळख वेगळीच. पातं बांधावं तर केरूने. त्याने बांधलेलं पातं कधी सुटलं नाही.

डोंगरामागे त्या रविवारी त्याचा स्वतःचा तांबडा कोंबडा जिंकला, आणि घरी येताना वाटेतच काखेत मेला. मथुरावहिनीने, केरूच्या बायकोने, तो शिजवायला चुलीवर पाणी ठेवलं. केरू म्हणाला, "उतरव." कोंबडा त्याने परसात पुरला. त्यानंतर कुणाच्या कोंबड्याला पातं बांधलं नाही.

"अर्जानं काय व्हत नाय, हरी," तो मला म्हणाला. "लोकांस झुंज हवी. ती दे. फक्त रगत नको."

मला राग आला. पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

वर्षभर तो भंगार गोळा करत होता. मोडीत निघालेल्या ट्रकांच्या वायपरच्या मोटारी, मोडक्या तिचाकी सायकलींची चाकं, तेलाच्या डब्यांचा पत्रा. कमानपाट्याचे, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचे, तुकडे घासून पाती केली. तुरा म्हणून फुटक्या टेललाइटची लाल काच. असे दोन कोंबडे. बॅटरीतून लांब वायर, वायरच्या टोकाला हॉर्नचं बटण. दाबलं की पुढे, सोडलं की थांब. शहाणी माणसं आता याला यंत्रमानव वगैरे म्हणतील. केरू 'माझी पाखरं' म्हणायचा.

गावात सगळ्यात तयार कोंबडे बाबल्याचे. पुढच्या शिमग्यात पालखीनंतर तो जिवंत कोंबड्याची टोपली घेऊनच खळ्यावर आला. "केरूदा, तुझ्या डब्यांची खरी टक्कर झाली, तर टोपली उघडणार नाय. नाय झाली, तर इथंच सोडणार. मग ह्या अर्जवाल्या पुढाऱ्यास, हरीस, पण गप बसव."

केरूने दुसऱ्या कोंबड्याचं बटण बाबल्याच्याच हातात दिलं. खळं माणसांनी भरलं होतं. फसलं असतं, तर केरूचं या बाबतीत परत कुणी ऐकलं नसतं.

बटणं दाबली. दोन्ही कोंबडे घरघरत निघाले, समोरासमोर आले, आणि एकमेकांना चुकवून बाजूने गेले. परत लावले, परत तेच. नुसते गोल गोल.

"अगो बाय, फुगडी घालतात!" गंगुबाई ओरडली. "लगीन लावा त्यांचं!"

खळं हसायला लागलं. बाबल्या टोपलीची सुंभाची गाठ सोडू लागला. मी त्याचा हात धरला. "सोडून तर बघ, चौकीत बसवतो!"

"गेल्या साली बसवलंस तसा?"

"हरी, तोंड मिट," केरू म्हणाला. तो खळ्यावर पालथा पडून चाकं बघत होता. मग कपाळावर हात मारून उठला. "डावा पाय!"

पातं डाव्या पायालाच बांधायचं, ही आमच्याकडची रीत. केरूच्या हाताने दोन्ही यंत्रांना पातं डावीकडेच बसवलं होतं. लोखंडाला रीत कुठली? जड पात्याने डावं चाक दबायचं आणि दोघंही आपापल्या डावीकडे वळायचे. भेटणार कसे?

त्याने पाना घेतला, आपल्या कोंबड्याचं पातं काढलं आणि उजवीकडे धरलं.

"उजव्या पायास?" म्हातारा लवू उठून उभा राहिला. "उजव्या पायास कोण बांधतो रे?"

केरूचा हात थांबला. मला वाटलं, संपलं.

"ह्यो कोंबडा नाय, लवूकाका," तो शेवटी म्हणाला, आणि बोल्ट आवळला.

या वेळी दोघे एकाच बाजूला वळले आणि खाड्कन भिडले. पत्रा फाटला, ठिणग्या उडाल्या, लाल काच खळ्यावर सांडली. बाबल्या कधी गुडघ्यावर बसला, त्यालाच कळलं नसेल. "मार! मार, मेल्या!" केरूच्या कोंबड्याचं चाक निखळलं, तो कलंडला आणि उरलेलं चाक हवेत फिरत राहिलं. बाबल्याने असा आरडा केला की राहीने, त्याच्या बायकोने, तोंडावर पदर घेतला.

मग सगळे बाबल्याकडे बघू लागले. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी जातो, रश्शाला. आता?

बाबल्याने एकदा माणसांकडे बघितलं, वायर सोडवली, आणि तो फाटका पत्रा उचलून जिवंत कोंबडा धरतात तसा काखेत मारला.

"शिजाया येळ लागंल हां," केरू म्हणाला.

"दुरुस्त करून पुढल्या साली ह्योच तुझ्या अंगावर सोडतंय," बाबल्या म्हणाला आणि चालू लागला. मागून राहीने टोपलीची सैल गाठ परत आवळली आणि टोपली डोक्यावर घेतली.